जखमेची ऊब दाखवणारा कॅमेरा : फ्लिर वन प्रो

मोबाइलला जोडायचा हा छोटा थर्मल कॅमेरा मुळात विजेच्या जोडण्या आणि भिंतींतील ओल तपासण्यासाठी आहे. तरीही रवांडातील किरेहे जिल्हा रुग्णालयात सिझेरियननंतरच्या जखमांचा जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी संशोधकांनी याच प्रकारचा कॅमेरा वापरून पाहिला. ही निवड मला अतिशय विचारपूर्वक वाटते, कारण खेड्यातल्या बाळंतिणीच्या दारापर्यंत डॉक्टर नव्हे, तर आरोग्यसेवक पोहोचतात, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर जखमेची लाली नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही.

चित्र 160 × 120 बिंदूंचेच असले, तरी त्यात केशरी दिसणाऱ्या पोटावर टाक्यांच्या कडेचा पिवळसर उष्ण पट्टा स्पष्ट उठून दिसतो. प्रत्यक्ष तापमानात मात्र 3 अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्यामुळे आकड्यावर विसंबू नये, शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना करावी. ड्रेसिंग नुकतेच काढले असेल किंवा पंखा चालू असेल, तर चित्र फसवते. शिवाय नीट भरून येणारी ताजी जखमही सुरुवातीला उबदारच असते. आरोग्यसेवकांच्या हाती हे साधन जरूर द्यावे. पण पू, ताप किंवा वाढती वेदना असताना चित्र कितीही निर्धोक दिसले, तरी रुग्णाला डॉक्टरांकडे न्यायलाच हवे.