पुढचं कोण? डेथ पूल काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

येत्या वर्षात कोणकोण नामवंत जातील याची यादी आधी देऊन ठेवायची आणि यादीतलं माणूस गेलं की गुण घ्यायचे, हा डेथ पूल. इंग्लंड-अमेरिकेत जुना खेळ. गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या गटात तो जानेवारीपासून चालू आहे: सहा खेळाडू, प्रत्येकी दहा नावं, आणि एक हिशेबनीस. हिशेबनिसाने स्वतः खेळायचं नाही. याद्या 31 डिसेंबरच्या रात्री बारापर्यंत त्याच्याकडे ईमेलने जातात आणि सगळ्यांच्या हाती पडेपर्यंत कोणी कोणाची बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या मागवू नका. पाठवलेला मेसेज तिथे नंतरही पंधरा मिनिटं बदलता येतो आणि पुढे त्यावरूनच वाद होतो.

गुणांची प्रचलित पद्धत म्हणजे 100 वजा वय. जुन्या मृत्यूंवर चालवून बघितली की तिचा स्वभाव कळतो. लता मंगेशकर 92व्या वर्षी गेल्या, म्हणजे 8 गुण. रतन टाटा 86, म्हणजे 14. झाकिर हुसेन 73, म्हणजे 27. शेन वॉर्न 52, म्हणजे 48. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 100 वर्षांचे होऊन गेले, म्हणजे शून्य! म्हणून किमान एक गुण हे कलम आधीच घालून ठेवावं, नाहीतर शंभरी ओलांडलेल्यांना यादीत कोणी घेत नाही.

पद्धत न्याय्य वाटते, पण आकडेमोड केली की गोम दिसते. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या मृत्युसारणीप्रमाणे 70 वर्षांचा पुरुष वर्षभरात जाण्याची शक्यता साधारण चाळीसात एक, 80ला सोळा-सतरात एक, 85ला दहात एक, 90ला सहात एक. शक्यतेला गुणांनी गुणलं तर सत्तरीच्या माणसामागे पाऊण गुण, ऐंशीच्या माणसामागे सव्वा, 85 ते 90च्या पट्ट्यात दीड-पावणेदोन, आणि शंभरीला पुन्हा अर्ध्याच्याही खाली. म्हातारपणी मृत्यूची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. इंग्रज गणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झने 1825 मध्ये मांडलेला नियम तो हाच. गुण मात्र सरळ रेषेत उतरतात. या दोन्हींचा मेळ 90च्या आसपास बसतो, आणि हे एकदा कळलं की सहाही याद्या एकसारख्या दिसू लागतात. तोच निवृत्त पंतप्रधान, तोच नट, तीच गायिका.

यावर उतारा एकल नावाच्या बक्षिसाचा. नाव फक्त एकाच्याच यादीत असेल तर 10 गुण जास्त, दोघांच्या यादीत असेल तर 5, पुढे काही नाही. याने याद्या वेगळ्या होतात हे खरं, पण 10 हा आकडा जास्त झाला. नव्वदीच्या माणसाचे मूळ गुणच 10, त्यावर आणखी 10 म्हटल्यावर लोक विकिपीडियात उकरून दूरदेशीचे निवृत्त जनरल आणि ऑलिंपिकचे विसरलेले मल्ल शोधून आणायला लागले. ते गेल्याचं कोणाला कळतही नाही. म्हणून ‘नामवंत’ची व्याख्या लागतेच. आमच्याकडची कसोटी: गोव्यात मिळणाऱ्या किमान दोन मराठी दैनिकांत निधनाची बातमी यायला हवी. गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, लोकमत, कोणतीही दोन. मुदत एक दिवसाची ठेवू नका. चवथ (गणेशचतुर्थी)-दिवाळीला छापखाने बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. तीन दिवस पुरतात. या कसोटीत परदेशी शास्त्रज्ञांवर अन्याय होतो आणि क्रिकेटपटूंचं फावतं. चालायचंच.

दहा नावं मात्र कमी पडतात. दहाही जण नव्वदीचे धरले तरी वर्षाला सरासरी दीड-दोनच जातात. महिनोन् महिने पाटी कोरी राहते आणि गट थंड पडतो. पंधरा नावं हवीत.

सगळ्यात जास्त भांडणं पुराव्यावरून होतात. वाहिनीवर पट्टी फिरली की गुण मागायचे, हे पहिल्याच दिवशी बंद करा. नोव्हेंबर 2022 मध्ये विक्रम गोखले गेल्याची बातमी सर्वत्र फिरली, घरच्यांनी ती नाकारली, आणि ते 26 तारखेला गेले. धर्मेंद्र यांच्याबाबतीत 11 नोव्हेंबर 2025 रोजी हेच झालं. ते गेले 24 तारखेला. मध्ये तेरा दिवस होते. नियम असा: कुटुंबाचं किंवा रुग्णालयाचं निवेदन, किंवा पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेची बातमी, आणि त्यानंतरही चोवीस तास थांबायचं. श्रद्धांजलीची ट्वीट पुरावा नव्हे, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो.

तारीख कुठली धरायची हे वेगळं कलम. झाकिर हुसेन गेल्याचं 15 डिसेंबर 2024च्या रात्री इथे पसरलं, नातेवाइकांनी खोडून काढलं, आणि 16ला कुटुंबाने दुजोरा दिला. मृत्यू सॅन फ्रान्सिस्कोला झाला आणि तिथे तारीख 15च होती. मृत्यूच्या जागेची स्थानिक तारीख धरावी. एरवी फरक पडत नाही, वर्षअखेरीला पडतो. अमेरिकी अभिनेत्री बेटी व्हाइट 31 डिसेंबर 2021च्या सकाळी लॉस एंजेलिसला गेल्या, बातमी पसरेपर्यंत आपल्याकडे तारीख बदललेली. हॉलिवूडचे नट जीन हॅकमन 26 फेब्रुवारी 2025 रोजी मृत सापडले, प्रत्यक्ष मृत्यू त्याच्या आठवडाभर आधीचा असल्याचं तपासात सांगितलं गेलं. अशा वेळी अधिकृत तपासाची तारीख.

हिशेबाच्या शीटमधली एक खोच. शीटची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची असेल तर 08/12/1935 ही तारीख 12 ऑगस्ट म्हणून वाचली जाते. धर्मेंद्र यांची जन्मतारीख 8 डिसेंबर 1935. म्हणजे गेले तेव्हा वय 89, गुण 11. उलट्या वाचनाने वय 90 आणि गुण 10. एका गुणावरून गटात काय होतं ते सांगायला नको. सेटिंग्जमध्ये प्रदेश भारत करा, किंवा महिना अक्षरात लिहा. वय ‘डेटडिफ’ सूत्राने काढा. नुसती वर्षं वजा केली तर वाढदिवस यायचा बाकी असलेल्यांचं वय एकाने फुगतं. जन्मतारखा यादी देतानाच नोंदवून त्यावर सगळ्यांची संमती घ्यावी, कारण जुन्या कलावंतांच्या दोन-दोन जन्मतारखा फिरत असतात आणि माणूस गेल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीची आठवते.

आजारपणाची बातमी ही खात्रीची खेळी वाटते, तशी ती नसते. कार्टर फेब्रुवारी 2023 मध्ये उपचार थांबवून हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या, देखभालीत गेले, तेव्हा जगभरच्या पूलवाल्यांना ते आयतं नाव वाटलं असणार. ते गेले 29 डिसेंबर 2024ला. 2023च्या यादीत त्यांना घेणाऱ्याला भोपळा, 2024च्या यादीत घेणाऱ्याला आमच्या कलमाने एक गुण. वर्षाच्या मध्ये नाव बदलायची मुभा देऊ नका, नाहीतर खेळ रुग्णालयाच्या बातमीपत्रावर चालतो. फाशीची शिक्षा झालेले आणि केवळ आजारामुळेच प्रसिद्ध झालेले लोक बाद.

आणि गोव्यातलं कोणीही नाही. यावर सुरुवातीला कुरकुर झाली, पण ज्या राज्यात 40 आमदार आणि सगळे मिळून 3,702 चौरस किलोमीटर, तिथे नाव घ्यावं त्याचा भाचा समोरच्या खुर्चीत निघतो. मनोहर पर्रीकर आजारी होते तेव्हा वर्षभर सगळा गोवा त्यांच्या तब्येतीची बातमी शोधत पेपर उघडत होता. ते 63व्या वर्षी गेले. सूत्राने 37 गुण होतात. ते घेऊन फोंड्याच्या बाजारात कोण फिरला असता? तियात्रकार (कोंकणी संगीत नाटकवाले), भजनी बुवा, नाटकवाले, देवळांचे महाजन, सगळे बाहेर.

याच्याच जोडीला सुतकाचं कलम: माणूस गेल्यावर दहा दिवस गटात गुणांची चर्चा नाही, हिशेबनीस शीटमध्ये मुकाट नोंद करतो. ‘आला, आला!’ म्हणून उड्या मारणाऱ्याचे पाच गुण कापले जातात. हे कलम नसेल तर घरातली माणसं हा खेळ दोन महिन्यांत बंद पाडतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

पैसे लावू नका. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा 1976चा आहे. मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांना मिळालेली सूट तुमच्या-आमच्या टेबलाला लागत नाही. पैशाचे ऑनलाइन खेळ तर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदच केले. इंग्लंडात अठराव्या शतकात लोक परक्या माणसांच्या जीवावर विमा उतरवून सरळ पैज लावत, तेव्हा 1774 मध्ये कायदा करून ते थांबवावं लागलं होतं. आमच्याकडे विजेता वर्षअखेरीचं जेवण कुठे ते ठरवतो, ताटाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

पुढच्या जानेवारीपासून बदल तीन: नावं पंधरा, एकल नावाचं बक्षीस 10वरून 4वर, आणि मागच्या यादीतली जास्तीत जास्त सात नावं पुढे नेता येतील. चौथा प्रस्ताव यादीतल्या एका नावाला दुप्पट गुण देण्याचा आहे. हिशेबनिसाचा त्याला विरोध आहे, कारण ते नाव नव्वदीचंच असणार.