आमराईच्या तीन थरांसाठी आर्चेसचा कागद

भोरजवळच्या एका वाडीचे निसर्गचित्र जलरंगात करण्यासाठी आर्चेस या ब्रँडचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खडबडीत पृष्ठभागाचा कागद घेतला. मागे डोंगर, मध्ये आमराई, पुढे कापणी झालेली भातखाचरे आणि बांधावर एक वाकडी बाभूळ, असा विषय होता. हेच दृश्य पूर्वी मी लाकडाच्या लगद्याच्या एका स्वस्त कागदावर रंगवले होते. तेव्हा आमराईचा दुसरा थर देताच खालचा पिवळसर हिरवा रंग ब्रशबरोबर उठून आला आणि झाडांचा चिखल झाला. कित्येक महिने मी दोष माझ्या हाताला देत होतो.

फ्रान्सच्या व्होज भागात तयार होणारा हा कागद शंभर टक्के कापसाच्या तंतूंचा असून त्याला जिलेटिनचे साइझिंग, म्हणजे पाणी शोषणे मंदावणारी प्रक्रिया, केलेली असते. त्यामुळे पाणी लगेच आत मुरत नाही, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पसरवायला अवधी मिळतो आणि पूर्ण वाळलेला थर, ब्रश फार घासला नाही तर, पुढच्या वॉशखाली जागच्या जागी राहतो. आकाशाच्या तळाला यलो ऑकरचा फिकट वॉश, डोंगरांना निळ्या अल्ट्रामरीनमध्ये किंचित तपकिरी बर्न्ट सिएना आणि मग आमराईचे तीन थर, असे करत गेलो. तिसऱ्या थरानंतरही पानांच्या फटींतून पहिल्या थराचा उजेड दिसत होता. डोंगरावर अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदार पोत उतरला, तो ठरवून काढणे मला तरी जमले नसते. बाभळीसाठी जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून ओढला, तेव्हा रंग केवळ उंचवट्यांना लागला आणि विरळ पाला आपोआप उमटला.

भरपूर पाणी वापरल्यास ३०० जीएसएमचा कागदही फुगतो. म्हणून सुटे शीट भिजवून पाटावर ताणून घ्यावे, किंवा ब्लॉक, म्हणजे कडा चिकटवलेला कागदांचा गठ्ठा, घ्यावा. जिलेटिन प्राणिज असते आणि ओल्या कागदाला त्याचा किंचित वासही येतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच लक्षात घ्यावे. पावसाळ्यात कागद दमटपणापासून जपावा लागतो. साइझिंग बिघडले की वॉशमध्ये डाग उमटतात. किंमत सरावाच्या कागदाच्या कितीतरी पट असल्याने ५६ बाय ७६ सेंटिमीटरच्या शीटचे मी चार तुकडे करतो, छायाप्रकाशाची कच्ची रेखाटने साध्या कागदावर उरकतो आणि झाडांचे थर पक्के ठरल्यावरच यातला एक तुकडा पाटावर चढवतो.