पट्टी तीच, माप वेगळं: 'वाढीच्या व्यायामां'च्या नावाने झालेली फसवणूक

लिंगाची लांबी वाढवण्याचे व्यायाम शिकवतो असं सांगून एका ऑनलाइन कोर्सवाल्यांनी माझे साडेअकरा हजार रुपये घेतले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते कोणत्या युक्तीने घेतले हे लोकांना कळायला हवं म्हणून लिहितो आहे. या माणसांचा सगळा धंदा मोजमापावर उभा आहे. व्यायाम फक्त मधला वेळ भरायला असतात.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्निअर आणि गेज. लग्न ठरलं त्या सुमाराला मोबाईलवर एक जाहिरात सारखी यायला लागली. पांढरा कोट घातलेला माणूस शुद्ध मराठीत सांगायचा, "ऑपरेशन नाही, औषध नाही, फक्त व्यायाम. आणि प्रगती तुम्ही स्वतः मोजा." स्वतः मोजायचं म्हटल्यावर फसायला जागाच कुठे, असं कुणालाही वाटेल. शिवाय विचारणार कुणाला? घरात हा विषय निघत नाही, मित्रांत काढला तर त्याची चेष्टा होते. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून मराठीत लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहायला सुरुवात केली, त्याला आता शंभर वर्षं होत आली. तरी आपली पोरं अजून रात्री दार लावून मोबाईललाच विचारतात. हे लोक नेमके तिथे बसलेले असतात.

सुरुवातीची फी २,४९९ रुपये. ती भरल्यावर व्हॉट्सॲपवर एक तक्ता आला. पहिलं माप कसं घ्यायचं ते त्यात लिहिलं होतं: सकाळी थंड पाण्याने अंघोळ झाल्यावर, उभं राहून, पट्टी पोटाखालच्या कातडीला नुसती टेकवून, दाबायची नाही. शिथिल अवस्थेतलं एक आणि ताठर अवस्थेतलं एक अशी दोन मापं, पट्टीसकट फोटो काढून पाठवायची. शेजारच्या रकान्यात छापलं होतं, 'आदर्श: ७ इंच'. फोटो गेल्यावर 'सल्लागारा'चा फोन आला. "सर, तुमचं बरंच कमी आहे. पण वेळेत आलात, काळजी करू नका." लग्न तोंडावर आलेल्या माणसाला हे वाक्य झोप लागू देत नाही.

व्यायामांत ओढण्याचे प्रकार होते, जेल्किंग म्हणतात ते होतं (हाताने पिळत मुळाकडून पुढे नेणं), आणि केगल होतं (लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळणं). जेल्किंग ही म्हणे अरबांची हजारो वर्षांची विद्या; याला इतिहासात कुठलाही धड पुरावा नाही. केगलची गोष्ट वेगळी. अरनॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली तो व्यायाम बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नाही अशा बायकांसाठी मांडला. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही तो सांगतात, ताठरतेच्या काही तक्रारींतही त्याचा उपयोग होतो. लांबीशी त्याचा काही संबंध नाही. खरी गोष्ट खोट्याच्या पंगतीत बसवली की खोटंही खरं वाटायला लागतं.

काही आठवड्यांनी दुसऱ्या मापाच्या सूचना आल्या. आता गरम पाण्याने शेक घ्यायचा, व्यायाम संपल्या संपल्या मोजायचं, आणि पट्टी हाड लागेपर्यंत आत दाबायची. रिपोर्ट आला: 'वाढ १.९ सेंटिमीटर. अभिनंदन!' त्याच दिवशी फोन. वाढ सुरू झाली आहे, आता तेल आणि कॅप्सूल घेतल्या नाहीत तर कमावलेलं परत जाईल. किंमत ८,९९९ रुपये. तीही मी भरली. त्यानंतर त्यांनी पंधरा हजारांचा पंप काढला, तेव्हा मी दोन्ही सूचनापत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली.

आमच्या कामात पहिली शिकवण अशी की माप घेण्याआधी झिरो कुठे धरला ते बघ. झिरो हलला की तोच नग एका रीडिंगला पास होतो, दुसऱ्याला रिजेक्ट. लिंगाच्या मुळाशी, ओटीपोटाखालच्या हाडावर, चरबीचा थर असतो. पट्टी कातडीला टेकवली तर तो थर मापात येत नाही, हाडापर्यंत दाबली तर येतो. पोट सुटलेल्या माणसात हा फरक चांगलाच मोठा असतो. थंड पाण्याने अवयव आखडतो, उबेने सैल पडतो. ओढाताण केल्यावर थोडा वेळ सूज राहते आणि जाडी वाढल्यासारखी दिसते. पूर्ण ताठरता नसताना घेतलेलं माप आणि पूर्ण असताना घेतलेलं यांतही अंतर पडतं. पहिल्या मापाला त्यांनी ज्याने ज्याने आकडा कमी येईल ते सगळं गोळा केलं होतं, दुसऱ्याला ज्याने ज्याने वाढेल ते सगळं. मी एकाच संध्याकाळी, व्यायामाला हात न लावता, ताठर माप दोन्ही रीतींनी घेतलं. त्यांची ती १.९ सेंटिमीटरची वाढ तिथेच निघाली.

तोपर्यंत कातडीवर बारीक लाल ठिपके आले होते आणि वरची शीर दुखत होती. पिंपरीतल्या एका यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांकडे, गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि व्यायाम त्या दिवशीच बंद करायला लावले. लिंगात दंडासारखा व्यायामाने फुगणारा स्नायू नसतो, असं त्यांनी समजावलं. आत स्पंजासारखा भाग असतो, त्यात रक्त भरतं, आणि भोवती एक चिवट आवरण असतं. त्या आवरणाला वारंवार इजा झाली तर तिथे व्रण धरू शकतो आणि ताठर अवस्थेत लिंग वाकडं होऊ शकतं. याला पेरोनी आजार म्हणतात. म्हणजे जे चांगलं आहे तेच बिघडवून घेण्याची ही वाट.

कॅप्सूलच्या डबीवर ना परवाना क्रमांक होता, ना बनवणाऱ्याचा पत्ता. त्या घेतल्यावर माझं डोकं जड व्हायचं, चेहरा तापायचा. आत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायाग्रातलं औषध, मिसळलेलं असू शकतं, अशी शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली. 'वनौषधी' म्हणून विकलेल्या अशा गोळ्यांत ते सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनेकदा दिले आहेत. छातीत दुखण्यावर नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब अशाने एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. वडिलांच्या वयाच्या कुणी ही डबी मागवली असेल तर हे वाक्य त्यांना आज वाचून दाखवा.

मग डॉक्टरांनी मला आकडे सांगितले. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी 'बीजेयू इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या अभ्यासांची मापं एकत्र करून मांडली, एकूण १५,५२१ पुरुषांची. सगळी मापं आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली. शिथिल अवस्थेत सरासरी ९.१६ सेंटिमीटर, ताणून १३.२४, ताठर अवस्थेत १३.१२, म्हणजे पाच इंचांच्या किंचित वर. तक्त्यातला सात इंचांचा 'आदर्श' शंभरात एखाद्याचाही क्वचितच असतो. लांबी वाढवून द्या म्हणत डॉक्टरांकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं माप मुळात सामान्यच असतं, असंही अभ्यासांत दिसलं आहे. माझंही सामान्य होतं. हे तपासायला त्यांना दोन मिनिटं लागली, आणि फी होती आठशे रुपये.

खरंच काही अडचण असेल तर उपचार आहेत, पण ते डॉक्टरांकडून. वाकडेपणावर ताण देणारं उपकरण, ताठरतेसाठी व्हॅक्यूमचं उपकरण, अशा गोष्टी तपासणीनंतर आणि देखरेखीखाली वापरतात. पोट कमी केलं तर चरबीत दडलेली लांबी बाहेर दिसते, त्याला पैसे लागत नाहीत.

कोर्सवाल्यांकडे पैसे परत मागितले तेव्हा त्यांचं खरं रूप दिसलं. आधी 'पडताळणीसाठी' चेहरा दिसेल असा व्हिडिओ कॉल करा म्हणाले. मी नकार दिला. मग दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला: तुमचे फोटो आमच्याकडे आहेत, पंचवीस हजार पाठवा, नाहीतर सासरकडच्या लोकांना जातील. प्रगतीचा पुरावा म्हणून मागवलेले फोटो खरं तर याच्यासाठी होते. मी दादाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "एक रुपया देऊ नकोस. कपडे कर, चल." आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी हसण्यासारखं काहीही केलं नाही. म्हणाले, असे बरेच येतात, पण धमकीचे पैसे भरून झाल्यावर.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूने आहे. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषध विकण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. लैंगिक अवयवाचा आकार सुधारतो असा दावा कुठल्याही औषधाबद्दल करता येत नाही, हे औषध नियमांच्या 'अनुसूची जे'मध्येही आहे. खंडणीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येतो.

तुमच्या बाबतीत असं घडत असेल तर चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव, कुरिअरची पावती आणि औषधाची डबी जपून ठेवा. तक्रार देताना पोलिसांनी माझ्याकडे हेच मागितलं. पैसे गेल्या गेल्या १९३० ला कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. माझे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. फोटो कुणाकडेही गेले नाहीत. आणि तीच जाहिरात, तोच पांढरा कोट, आता दुसऱ्या नावाने फिरते आहे.