कसोटीच्या आदल्या संध्याकाळी : पार्क चौकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलाविषयी

सोलापुरात चहाची हॉटेले गल्लोगल्ली आहेत आणि क्रिकेटवर हिरिरीने बोलणारी माणसे प्रत्येक हॉटेलात आहेत; परंतु कसोटी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघनिवडीचा वाद नीट, शिस्तीने आणि माहितीच्या आधाराने व्हावा, यासाठी मालकाने स्वतः काही व्यवस्था केलेली असे हॉटेल मी शहरात एकच पाहिले आहे. ते पार्क चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. बाके मोजकी असल्यामुळे अशा संध्याकाळी नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही उभे राहावे लागते. पार्क मैदानावर सरावाला येणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारल्यास तो वाट दाखवील.

खाण्यापिण्याविषयी आधी सांगतो. चहा आल्याचा, दाट आणि चांगला उकळलेला असतो. गर्दी वाढली की मात्र तो पातळ होऊ लागतो, म्हणून लवकर जावे. सुशीला हा येथील सर्वांत चांगला पदार्थ आहे. चुरमुरे भिजवून नीट पिळलेले असतात, त्यामुळे त्यांचा लगदा होत नाही, शेंगदाण्याचे कूट हात राखून घातलेले नसते आणि मागितल्यास वर शेंगाचटणी मिळते. भजी गरम असताना ठीक, थंड झाल्यावर तेलकट लागतात. दर आसपासच्या हॉटेलांइतकेच आहेत.

लोक येथे येतात ते फळ्यासाठी. कसोटीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर गल्ल्यामागच्या भिंतीवर लाकडी चौकटीचा काळा फळा टांगला जातो आणि त्यावर भारताच्या चमूतील सर्व नावे खडूने लिहिली जातात; जो जखमी असेल त्याच्या नावाखाली आडवी रेघ असते. ज्याला आपला संघ मांडायचा असेल त्याने कोऱ्या बिलाच्या पाठीवर अकरा नावे लिहायची, खाली सही करायची आणि ते बिल गल्ल्याशेजारच्या तारेला टोचायचे. दुसऱ्या दिवशी नाणेफेक झाली की तार खाली उतरवून बिले वाचली जातात. पैज नाही, बक्षीस नाही, आणि पैशाचा विषय कोणी काढला तर मालक त्याला चहा संपवून जायला सांगतात. वादाचा नियमही एकच आहे : जो एखाद्या खेळाडूला संघात घ्या म्हणेल, त्याने त्याच वाक्यात कोणाला काढायचे तेही सांगितले पाहिजे. हा नियम साधा वाटतो, पण त्यामुळे वादाचा दर्जा किती बदलतो हे प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय कळत नाही.

२२ जुलै २०२५ ची संध्याकाळ उदाहरण म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी मँचेस्टरला इंग्लंडविरुद्धची चौथी कसोटी सुरू व्हायची होती, भारत मालिकेत एक-दोन असा मागे होता, आणि लॉर्ड्सवर १९३ धावांचा पाठलाग करताना १७० धावांत सर्व बाद होऊन २२ धावांनी झालेला पराभव सर्वांच्या मनात ताजा होता. फळ्यावर नितीश कुमार रेड्डी, आकाश दीप आणि अर्शदीप यांच्या नावांखाली रेघा होत्या आणि सर्वांत शेवटी, वेगळ्या हस्ताक्षरात, अंशुल कंबोजचे नाव वाढवलेले होते. अपेक्षेप्रमाणे वादाला तोंड फुटले ते कुलदीप यादवच्या नावावरून. तेरा कसोटींत ५६ बळी घेणारा मनगटी फिरकी गोलंदाज मालिकेतील तीनही सामन्यांत बाहेर बसतो, हे तेथील बहुतेकांना मान्य नव्हते. एका तरुणाने तावातावाने तसे मांडले, तेव्हा गल्ल्यावरून मालकांनी विचारले, "घे की कुलदीपला. काढतो कुणाला ते सांग."

तरुणाने शार्दुल ठाकूरचे नाव घेतले. त्यावर बाजूच्या बाकावरील एका निवृत्त शिक्षकांनी लीड्सच्या पहिल्या कसोटीची आठवण करून दिली. त्या सामन्यात भारताकडून पाच शतके झाली, तरीही पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत आणि दुसऱ्या डावात शेवटचे सहा गडी ३१ धावांत पडले आणि सामना पाच गड्यांनी हातचा गेला. तेव्हापासून संघ व्यवस्थापनाला आठव्या क्रमांकावर फलंदाजी करू शकणारा माणूस हवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तरुणाने ऐकून घेतले आणि उत्तर दिले, "पण सर, त्या लीड्सला शार्दुल होताच की संघात. त्यानं दोन्ही डावांत मिळून पाच धावा केल्या. मग आठव्या नंबरचा आधार कुठं मिळाला?" सरांनी हा मुद्दा मान्य केला, पण वॉशिंग्टन सुंदर आणि जाडेजा हे दोन फिरकी गोलंदाज असताना तिसरा घेतला तर वेगवान गोलंदाजांवर किती षटके पडतील, हा प्रश्न उभा राहिला आणि चर्चा बुमराच्या शरीरावर येणाऱ्या ताणाकडे वळली. कोणी कोणाला वेड्यात काढले नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या मताची किंमत मोजावी लागली, आणि माझ्या मते हीच या जागेची खरी कमाई आहे. कारण 'अमक्याला घ्यायलाच हवे होते' हे वाक्य इतरत्र फुकट बोलता येते.

कंबोजविषयी सर्वांत नेमके बोलली ती वडिलांबरोबर आलेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी. हरियाणाच्या या गोलंदाजाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रणजी सामन्यात केरळविरुद्ध एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते, हे बहुतेकांना ठाऊक होते. तिचे म्हणणे असे होते की तो सामना लाहलीच्या, वेगवान गोलंदाजांना साथ देणाऱ्या मैदानावर झाला होता आणि आता कंबोज मालिकेच्या मध्यावर विमानातून उतरून थेट खेळणार, म्हणून दहा बळींचा आकडा त्याच्याकडून अपेक्षा ठेवण्याचे माप होऊ नये. तिने आपल्या बिलावर प्रसिध कृष्णाचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी कंबोज खेळला आणि त्या डावात त्याला ८९ धावांत एक बळी मिळाला. करुण नायरच्या जागी साई सुदर्शन आला हे मात्र फार थोड्या बिलांवर होते, आणि सुदर्शनने ६१ धावा केल्या. शार्दुल खेळला आणि कुलदीप चौथ्या सामन्यातही बाहेरच राहिला.

वादात एक गोंधळ वारंवार होतो आणि तो येथे दूर केला जातो, म्हणून त्याचा उल्लेख करतो. चमू निवडते ती अजित आगरकर यांच्या अध्यक्षतेखालील निवड समिती. दौऱ्यावर त्यातून अकरा जण ठरवतात ते कर्णधार आणि प्रशिक्षक. सर्फराज खान किंवा श्रेयस अय्यर इंग्लंडला का गेले नाहीत, हा प्रश्न समितीला विचारायचा. कुलदीप का खेळत नाही, हा शुभमन गिल आणि गौतम गंभीर यांना. मालकांनी फळ्याच्या कोपऱ्यात ही विभागणी कायमची रंगवून घेतली आहे आणि कोणी गल्लत केली की ते बोटाने तिकडे दाखवतात.

फळ्याच्या शेजारी पॉली उम्रीगर यांचे छायाचित्र लावलेले आहे. २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात जन्मलेला हा खेळाडू पुढे मुंबईला गेला, ५९ कसोटी खेळला आणि १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून भारताकडून कसोटीत पहिले द्विशतक करणारा फलंदाज ठरला. सोलापूरकरांना द्विशतक ठाऊक असते. या हॉटेलात मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक सांगितली जाते आणि ती सांगण्याचे स्थान हेच आहे. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मद्रास कसोटीसाठी उम्रीगर कर्णधार होते. त्यांना फलंदाज मनोहर हर्डीकर संघात हवे होते, क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता, आणि सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगरांनी कर्णधारपद सोडले. दुसऱ्या दिवशी विनू मंकड यांनी नेतृत्व केले; त्या एका मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. एका नावासाठी कर्णधारपदावर पाणी सोडणारा माणूस आपल्या गावात जन्मला, हे पोरांना कळावे म्हणून मालक ही गोष्ट पुनःपुन्हा सांगतात. पुढे तेच उम्रीगर निवड समितीचे अध्यक्षही झाले.

स्लेजिंगचा, म्हणजे मैदानात प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी डिवचण्याचा, विषय २२ जुलैच्या त्या संध्याकाळी टळणे शक्यच नव्हते. लॉर्ड्सवर दोन्ही संघांचे पहिले डाव ३८७ धावांवर बरोबरीत संपले होते, तिसऱ्या दिवसाचा थोडाच वेळ उरला होता आणि इंग्लंडचा सलामीवीर झॅक क्रॉली याच्या वेळकाढूपणामुळे जेमतेम एक षटक टाकता आले. हाताला चेंडू लागल्यावर त्याने फिजिओला बोलावले तेव्हा भारतीय खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, गिल त्याच्या अंगावर धावून गेल्यासारखा बोलला आणि त्याचा अपशब्द स्टंपजवळच्या माइकवर ऐकू आला. चौथ्या दिवशी दुसरा सलामीवीर बेन डकेट याला बाद केल्यावर त्याच्या तोंडाजवळ जाऊन ओरडल्याबद्दल सिराजला सामन्याच्या मानधनाच्या पंधरा टक्के दंड झाला. त्यातच २२ तारखेच्या पत्रकार परिषदेत गिलने सांगितले की इंग्लंडचे सलामीवीर खेळपट्टीवर दीड मिनिट उशिरा आले होते. फळ्यासमोर लगेच दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की वेळकाढूपणा हाही एक डाव आहे आणि त्याला जाब विचारणारा कर्णधार हवा. दुसऱ्या बाजूचे असे की गिल दुसऱ्या डावात सहा धावांवर बाद झाला आणि त्या भांडणाने इंग्लंडलाच चेव आला.

यावर हॉटेलातील एका ज्येष्ठ गिऱ्हाइकांनी इंग्लंडविरुद्धच्या २००७ च्या ट्रेंट ब्रिज कसोटीचा दाखला दिला आणि तो मला सर्वांत पटला. झहीर खान फलंदाजी करत असताना खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकलेल्या सापडल्या. आपल्या श्रीरामपूरचा हा गोलंदाज चिडला, आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेऊन त्याने सामन्यातील आपले बळी नऊवर नेले. भारत सात गड्यांनी जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकला. त्याच कसोटीत भारताच्या श्रीशांतने इंग्लंडचा कर्णधार मायकेल वॉनला खांद्याने धक्का दिला आणि त्याचे अर्धे मानधन दंडापोटी गेले. "राग दोघांलाबी आलता," ते म्हणाले, "एकानं चेंडूत घातला, एकानं खांद्यात." एकाच सामन्यातील हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की डिवचण्याला उत्तर द्यावे की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि उत्तर कशाने द्यावे हा पुढे येतो. आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत खेळाडूला वैयक्तिक शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे, याचीही तेथे आठवण करून दिली गेली.

गिऱ्हाइकांच्या आपसातील शेरेबाजीलाही मालकांनी हद्द घातलेली आहे. खेळावरून कितीही चिडवावे. आईबहीण, जात, धर्म, भाषा आणि अंगकाठी यांवर शब्द गेला की चहा बंद. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाकावर बोलल्या जातात, आणि मालकांना या चारही भाषांतील शिव्या कळतात, त्यामुळे भाषा बदलून सुटका होत नाही. खेळाडूंविषयी बोलतानाही हाच नियम आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पडलेल्या झेलावरून एखाद्याच्या धर्मापर्यंत पोचणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

उणिवा आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शेरेबाजीचा नियम जुन्या गिऱ्हाइकांना सैल लावला जातो. त्याच संध्याकाळी सरावाच्या एका मुलाला ज्या शब्दासाठी दटावले गेले, तोच शब्द कोपऱ्यातील बाकावरून आला तेव्हा सगळे हसले. नियम मोठ्यांना लागू नसेल तर मुले तो केवळ लहानांचा जाच समजतील. दारातच सिगारेट ओढली जाते आणि धूर आत येतो. दूरदर्शन संच इतका उंच टांगला आहे की पुढच्या बाकावर मान अवघडते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे स्त्रियांची उपस्थिती नगण्य आहे. किरण नवगिरे याच जिल्ह्यातून भारतीय संघापर्यंत गेली, आणि कंबोजविषयी इतके अभ्यासपूर्ण बोलणारी ती विद्यार्थिनी वडील सोबत नसते तर तेथे बसली असती का, याचा विचार मालकांनी करावा. महिला संघाच्या सामन्यांसाठीही फळा लावणे हा त्याचा सोपा आरंभ होऊ शकेल.

इंग्लंडमधील सामने आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होत असल्यामुळे बिले वाचण्याची वेळ नाणेफेकीनंतर, तीनच्या सुमाराला असते. ज्यांना दुपारी सुटी मिळत नाही त्यांच्यासाठी मालक बिले संध्याकाळपर्यंत तारेला ठेवतात आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. आणखी एक मागणी मी त्यांच्याकडे केली आहे आणि येथे जाहीरपणे पुन्हा करतो. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला, तेव्हा हाकेच्या अंतरावर असूनही फळा लागला नव्हता. अर्शीन कुलकर्णीसारखा सोलापूरचा मुलगा महाराष्ट्राच्या संघात असताना रणजीच्या निवडीवरही येथे असाच वाद झाला पाहिजे, आणि त्या चमूतील नावे पाठ नसलेल्यांनी ती फळ्यावरून वाचून घ्यावीत. मालकांनी पुढच्या हंगामापासून तसे करण्याचे मान्य केले आहे.