चिपळूणच्या पुरानंतर चुन्याचा गिलावा : काही पावसाळे काढल्यावर

ज्यांचं घर जांभ्याचं (कोकणातला तांबडा, भोकाभोकांचा दगड) आहे, जुनं आहे आणि पुरात बुडालेलं आहे त्यांच्यासाठीच लिहितोय, आरसीसीवाल्यांना याचा उपयोग नाही. मागच्या आठवड्यात परत एक पेंटवाला "काका, वॉटरप्रूफ कोटिंग मारून देतो, दहा वर्षं बघायला नको" असं सांगून गेला आणि डोकं सटकलं, म्हणून बसलोच लिहायला.

22 जुलै 2021 चं वेगळं सांगत नाही. वाशिष्ठीला पूर, शिवनदीला पूर, त्यात भरती, आणि पणजोबांच्या वेळच्या आमच्या घरात ओटीवर छातीच्या वर पाणी. गाळाचं एवढंच सांगतो की ओला असतानाच काढा आणि भिंती लगेच साध्या पाण्याने धुवा, एकदा सुकला की जांभ्याच्या भोकांतून निघता निघत नाही.

आता गिलावा. आमच्या ओटीला 2005 च्या पुरानंतर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट झालेला, माजघर आणि देवघर जुन्या चुन्यावरच राहिलेलं. म्हणजे एकच घर, एकच पाणी आणि दोन्ही गिलावे शेजारी शेजारी. दिवाळीनंतर माजघराची भिंत हाताला कोरडी लागायला लागली. ओटीची भिंत वरून छान चकचकीत, पण टिचकी मारली की पोकळ आवाज, पेंटला फुगे, आणि गिलावा जिथे संपतो तिथे वर लोणा (भिंतीतून बाहेर येणारे पांढरे खार) फुटलेला. गिलावा फोडला तर मागचा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) ओलाचिंब, नखाने खरवडला तर तांबडी माती हातात येत होती. जांभा पाणी पितो तसं सोडतोही, पण बाहेर पडायला वाट लागते, ती सिमेंटने बुजवली की ओल चढत जाते वर. आणि अशा भिंतीवर एक कंत्राटदार "चतुर्थीच्या आत नवीन सिमेंट गिलावा करून देतो" म्हणत होता! लोकांकडे पैसे नाहीत, घरं ओली आहेत, अशा वेळी असलं काम गळ्यात मारणं मला तरी माफ करता येत नाही.

आम्ही सगळं सिमेंट काढून एक अख्खा उन्हाळा चिरा उघडा ठेवला. घरातल्यांना त्रास झाला, रोज तांबडी धूळ, पण दुसरा इलाज नव्हता. दारं फुगून चौकटीत बसत नव्हती तरी सुताराला रंधा मारू दिला नाही, सुकल्यावर आपोआप बसली. सागाचे खांब दगडी तळखड्यांवर असल्याने बुडाला कुजले नाहीत, जुन्या लोकांना कळत होतं.

चुन्याचं काम पुढच्या दिवाळीनंतर काढलं. इथे दुकानदाराशी वाजलं. कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) म्हणून पोती दिली, गवंडीदादांनी दोन ढेकळं पाण्यात टाकली तर ना फसफस ना वाफ, नुसती विरघळल्यासारखी बसली तळाला. मेलेला चुना, हवा लागून गेलेला. परत घ्यायला तयार नाही, "सफेदीला वापरा" म्हणे. शेवटी दुसरीकडून ताजा आणला, तो टाकीत घातल्याबरोबर उकळायला लागला (मुलांना लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर फार वाईट). महिनाभर पाण्याखाली मुरवला, मग वाळू, गुळाचं पाणी, आणि खालच्या भागासाठी सुरखी, म्हणजे भाजलेल्या मातीची कुटलेली पूड. सुरखीला पैसे घातले नाहीत, पुरात फुटलेली मंगलोरी कौलं कुटून चाळली, फक्त जास्त भाजून काळी पडलेली दादांनी बाजूला काढायला लावली. नुसता चुना हवेने हळूहळू घट्ट होतो, सुरखी असली की ओलीतही धरतो, म्हणून ती खाली पाहिजेच. पातळ थर, मध्ये दिवस सोडायचे, वर ओलं गोणपाट. मजुरी सिमेंटच्या दीडपट पडली आणि वेळ विचारूच नका.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. गिलाव्यावर मारलेल्या चुन्याच्या सफेदीची भुकटी. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. काळा शर्ट, काकूंच्या साड्या, गणपतीला आलेले पाहुणे, सगळ्यांना लागली. पहिलं वर्ष मी ज्याला त्याला सांगत होतो की गिलावा चुन्याचा करा पण वर रंग दुसरा बघा. ते आता मागे घेतो. गेल्या वेळी सफेदीत डिंकाचं पाणी घालून, भिंत आधी ओली करून, अगदी ताकासारखे पातळ हात मारले, आता हाताला नावाला लागते. साधे प्लास्टिक पेंट लावू नका, सगळी मेहनत परत कोंडली जाईल.

पावसाळ्यात ओटीची खालची वीतभर पट्टी अजूनही काळपट दिसते, एका कोपऱ्यात पापुद्रा सुटलाय. पण पाऊस गेला की पंधरवड्यात रंग परत येतो आणि तो कोपरा मीच थापीने भरतो, गवंडी बोलवावा लागत नाही. सिमेंटचं तसं होत नाही, तिथे पॅच मारला की बाजूला तडा. पूररेषेत घर आहे, पाणी परत येऊ शकतं हे धरूनच खर्च करायचा, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. स्विचबोर्ड तेवढे डोक्याच्या वर घेतलेत.

उरलेला चुना पिंपात पाण्याखाली ठेवलाय, वर पाणी राहिलं की टिकतो. जवळपास कोणाला पॅचपुरता लागला तर घेऊन जा, भांडं प्लास्टिकचं आणा, अ‍ॅल्युमिनियमचं चुना खातो.