785 चा एज फिल्टर, अकरा महिन्यांनी: आधी तो बाण शोधा

एज फिल्टर म्हणजे लेझरचा उजेड अडवून सॅम्पलकडून येणारा कामाचा उजेड पुढे सोडणारी, कोटिंग केलेली काच. आमचा गेल्या ऑगस्टमध्ये बसवला, आता जुलै संपत आलाय. गोव्यात वेर्ण्याला आमची छोटी लॅब आहे, औषधाच्या गोळ्यांचं रामन मॅपिंग करतो, म्हणजे लेझर मारून गोळीत कुठे काय आहे ते एकेका पॉइंटला बघतो, लेझर 785 नॅनोमीटरचा. फिल्टरची अडवायची ताकद ओडी 6, म्हणजे दहा लाखातला एक लेझर फोटॉन पलीकडे जातो, ते तुम्हाला माहीतच आहे, तिथे तक्रार नाही. मेपर्यंत मी भेटेल त्याला हाच घे म्हणून सांगत होतो.

जूनमध्ये बॅकग्राउंड, म्हणजे पीकांखालचा नको असलेला उजेड, चढलं. यंत्र तपासायचं सिलिकॉनचं 520.5 चं पीक जागच्या जागी, म्हणून आठवडाभर मी सॅम्पललाच शिव्या घातल्या. पॅरासिटामॉल बिचारं कशातही दिसतं हो, पण गोळीत टक्का-दोन टक्के असलेलं औषध त्या चढात बुडून जायला लागलं. एका पॉइंटला एक सेकंद पुरायचा तिथे पाच लागले. 50 बाय 50 चा मॅप म्हणजे 2500 पॉइंट, पाऊण तासाचं काम साडेतीन तासांवर गेलं, आणि आमच्याकडे पावसात साडेतीन तास लाइट टिकली तर पेढे वाटायचे. एकदा 2100 व्या पॉइंटला गेली. यूपीएसची बॅटरी बदलायची राहिली होती, ती चूक माझी.

सर्व्हिसवाल्याने फोनवरच निदान केलं, "सर, गोव्याची हवा दमट, कोटिंग गेलं, नवीन घ्या." एरवी मेलला पंधरा दिवस उत्तर नाही, कोटेशन मात्र पंधरा मिनिटांत. आकडा माझ्या स्कूटरच्या वर. मलाही आधी पटलं, कारण डब्यातली निळी सिलिका जेल चार दिवसांत गुलाबी होते. मग रात्री डोक्यात आलं, ओल प्यायची ती जुनी मऊ कोटिंगं, ही स्पटर केलेली कडक ऑक्साइडची, ही अकरा महिन्यांत कशी जाईल?

सकाळी ग्लव्हज घालून फिल्टर काढला, मोबाइलची टॉर्च मारून कडेला बघितलं तर कुठली बाजू लेझरकडे ते सांगणारा, मुंगीच्या पायाएवढा बाण. उलटा! मेमध्ये याच माणसाने सर्व्हिसिंग म्हणून पुसून परत बसवला होता. कोटिंग मागे गेलं की लेझर आधी फिल्टरच्या काचेतून जातो आणि परत फिरून येतो, आणि काच 785 ला स्वतःच मंद चमकते, तोच आमचा चढ. फिरवून बसवला, बॅकग्राउंड बसलं, मॅप परत पाऊण तासात.

म्हणजे फिल्टरबद्दल जूनमध्ये जे बोललो ते सगळं मागे घेतो, फिल्टर उत्तम आहे. पण एवढे पैसे घेता आणि बाण पेन्सिलीने काढल्यासारखा? शाळेतल्या कंपासपेटीवरची नावंसुद्धा याहून ठळक असतात. त्यात सगळ्या कंपन्यांच्या बाणाचा अर्थ एकच नसतो, सोबतचा कागद फेकू नका. मी होल्डरवरच सीडी मार्करने जाडजूड बाण काढून ठेवलाय, काचेला हात न लावता.

सर्व्हिसवाल्यांना फोटोसकट सगळं कळवलं. उत्तर आलं, कोटेशन 31 तारखेपर्यंत व्हॅलिड आहे.