विचर ३ की असॅसिन्स क्रीड ओडिसी: एकच घ्यायचा असेल तर

ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या नकाशावर मोकळं फिरू देणारे गेम, पंधरा-वीस तासांनी तेच ते होतात, ही तक्रार खोटी नाही. फक्त ती सगळ्याच गेमना सारखी लागू होत नाही. मोठा नकाशा भरायचा तर कुठल्याही कंपनीला चार-पाच कामं शंभर ठिकाणी पेरावीच लागतात. साठाव्या वेळी तेच काम करताना खेळणाऱ्याला त्यातून काही मिळतं का, एवढंच बघायचं.

विचर ३ आणि ओडिसी दोन्ही घेऊन बघा, आवडेल तो ठेवा, हा सल्ला शहरात ठीक आहे. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर पन्नास जीबीच्या आसपासचा गेम उतरवायचा तर महिना जातो. फाइव्ह-जीचा टॉवर तालुक्याला असतो, आपल्या शिवारात असेलच असं नाही. म्हणून एकच निवडायचा आहे असं धरून लिहितो. दोन्ही गेम जुने आहेत. विचर ३ मे २०१५चा आणि ओडिसी ऑक्टोबर २०१८चा. चार कोरचा प्रोसेसर आणि १०५० टीआयसारखं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड असेल तरी दोन्ही चालतात, सेलमध्ये दोन्ही बऱ्यापैकी खाली येतात. गोष्ट काय, ग्राफिक्स कसे, हे तुम्हाला माहीत असणारच.

ओडिसीत सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम म्हणजे किल्ला. इकारोस गरुड वर सोडायचा, शिपाई आणि कॅप्टन टिपून ठेवायचे. भिंत चढून आत शिरायचं. आधी धोक्याचा जाळ पेटवायची जागा गाठून ती निकामी करायची, नाहीतर एकानं पाहिलं की बाहेरची कुमक आलीच. मग कॅप्टन मारायचा, पेटी उघडायची, युद्धसामग्री जाळायची. पिंजऱ्यात सिंह किंवा अस्वल असेल तर तो लांबून बाण मारून उघडायचा, अर्धे शिपाई ते जनावरच संपवतं. पहिले काही किल्ले खरंच मजेदार आहेत. चढण्या-उतरण्याची हालचाल विचरपेक्षा कितीतरी सरस आहे, विचरच्या नायकाला, राक्षस मारणाऱ्या गेराल्टला तर साधी उंच पायरी सुद्धा जड जाते.

किल्ले सारखे दिसतात ही तक्रार मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. ओडिसीचा खरा ताप दुसरीकडे आहे. तुमची लेव्हल वाढते तशी शत्रूंचीही वाढते. तुम्ही ३० ला पोचलात की मागं सोडलेल्या प्रदेशातले शिपाईही तुमच्या मागोमाग वर आलेले असतात. पण तुमची तलवार २४ चीच राहते. मग लोहाराकडे जायचं आणि लाकूड, लोखंड, कातडं आणि ड्राख्मे ही नाणी मोजून तीच तलवार ३० ची करून आणायची. ३३ ला पोचलात की पुन्हा तेच. निंदण करून बांधावर यावं तर पहिल्या तासात गवत पुन्हा वर आलेलं, तशातली गत. लाकूड-लोखंड जहाजालाही लागतं, त्यामुळे दोन्हीकडे ओढाताण.

याचा परिणाम किल्ल्यात दिसतो. मागून दबकत जाऊन कॅप्टनच्या पाठीत भाला घातला, तरी तो मरत नाही. त्याच्या डोक्यावरची पट्टी अर्धी उरते, तो वळतो, आरडाओरडा होतो, आणि दहा मिनिटं लपूनछपून केलेलं काम पाण्यात जातं. तुमचा डाव चुकलेला नसतो. अंगावरच्या सामानाचा आकडा कमी पडलेला असतो. म्हणजे पुन्हा बाजूची कामं करा, सामान गोळा करा, लोहाराकडे जा. मुख्य कथेचं पुढचं मिशन तीन-चार लेव्हल वरचं निघालं तरी हाच फेरा. आणि त्याच गेमच्या दुकानात कायमचा ५० टक्के जादा अनुभव देणारा बूस्टर वेगळ्या पैशाला विकायला ठेवलेला आहे. मुद्दाम केलं की नाही ते कंपनीला ठाऊक, पण खेळताना संशय येतोच. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

तरीही ओडिसीच घ्यायचा असेल तर हा ताप बराच कमी करता येतो. प्रत्येक लेव्हलला तलवार वाढवू नका, चार-पाच लेव्हलमागे एकदा वाढवा. मधल्या काळात जे सापडेल ते वापरा. निळ्या-जांभळ्या रंगाच्या नको असलेल्या वस्तू विकण्यापेक्षा मोडा, कातडं-लोखंड त्यातूनच सुटतं. जहाजाला सुरुवातीला फक्त ढाचा आणि बाण एवढंच वाढवा. मारेकरी, योद्धा आणि शिकारी या कौशल्याच्या तिन्ही शाखांत गुण वाटत बसू नका. लपून खेळायचं ठरवलं असेल तर अंगावरची प्रत्येक वस्तू मारेकऱ्याचं नुकसान वाढवणारी हवी आणि क्रिटिकल असॅसिनेशन हे कौशल्य लवकर उघडलेलं हवं. बटण दाबून धरून तो वार केला की बहुतेक कॅप्टन एका दमात पडतात. प्रदेश जिंकायच्या मोठ्या लढाया एक-दोन करून सोडून द्या. अथेन्सचा झेंडा जाऊन स्पार्टाचा आला तरी गावात काही बदलत नाही, लोक तेच बोलतात.

विचरमध्ये तेच ते नाही असं नाही. पाटीवरची नोटीस घ्यायची, गावातल्या माणसाशी बोलायचं, विचर-दृष्टी (खुणा लाल दाखवणारी गेराल्टची खास नजर) लावून लाल ठसे हुंगत जायचं, शेवटी राक्षस मारायचा. प्रत्येक सुपारीचा सांगाडा हाच आहे. लाल ठशांचा तर पुढं पुढं इतका वीट येतो की दृष्टीचं बटण दाबायच्या आधीच कंटाळा येतो. मग हा गेम टिकतो कशावर?

सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्ड या भागातली विहिरीची सुपारी घ्या. उजाड वस्तीत एक विहीर आहे, तिच्यावर बाईचं भूत आहे, आणि एका बापाला आजारी मुलीसाठी त्या विहिरीचं पाणी हवंय. भर दुपारी विहिरीवर जाऊ नये हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे ही सुपारी आपल्याला जरा जास्तच भिडते. मोबदला आधी ठरवून घ्यायचा, घासाघीस जमते, पण फार ताणलं तर समोरचा चिडतो. पडक्या घरातली डायरी वाचली की ती बाई कोण होती ते कळतं. विहिरीत उडी मारून तळाशी बुडी घ्यायची, तिचं कडं शोधायचं, पाण्याखालच्या वाटेनं बाहेर पडायचं, आणि विहिरीवर येऊन कडं आणि सांगाडा दोन्ही जाळायचं. मग भूत समोर येतं.

इथे नुसती तलवार चालवली तर ती आरपार जाते आणि नुकसान नगण्य होतं. जमिनीवर यर्डेन हे जादूचं चिन्ह टाकायचं, भूत त्या वर्तुळात आलं की ते सगुण-साकार होतं, तेव्हाच वार करायचे. प्रेतात्म्यांचं तेल मिळालं असेल तर चांदीच्या तलवारीला आधी लावायचं. मध्येच ती आपल्या प्रतिकृती काढते, त्यांच्या मागं धावू नका, वर्तुळ पुन्हा टाका. पुढं वेलेन या प्रदेशात रात्रीचं भूत भेटतं तेव्हा हेच ज्ञान उपयोगी येतं, आणि ग्रिफिन किंवा पाण्यातले राक्षस आले की ते निरुपयोगी ठरतं. तिथे दुसरं तेल, दुसरं चिन्ह. सांगाडा तोच असला तरी शेवटचा प्रसंग निराळा असतो. शिवाय एका सुपारीतून जी कथा कळते ती दुसरीत नसते. ओडिसीत मात्र दहाव्या आणि चाळिसाव्या किल्ल्याच्या कॅप्टनला एकाच रीतीनं मारता येतं.

लेव्हलचा हिशेबही इकडे सोपा आहे. शत्रूंनी तुमच्याबरोबर वाढावं की नाही, हा पर्याय सेटिंगमध्ये आहे आणि तो मुळात बंद असतो. बंदच राहू द्या. तलवारी इकडेही जुन्या होतात, पण ग्रिफिन शाळेचा तलवारी-चिलखताचा संच धरला तर तो ११, १८, २६ आणि ३४ या लेव्हलांनाच बदलतो. म्हणजे मूळ गेमभर चार वेळा, आणि दर वेळी त्याचे नकाशे शोधायला जावं लागतं, तो शोध स्वतःच एक काम असतं. काढे प्रत्येक वेळी नव्यानं उकळावे लागत नाहीत. पिशवीत कडक दारूची बाटली असेल तर ध्यानाला बसलं की सगळे पुन्हा भरतात. त्यामुळे अल्कोहेस्ट ही कडक दारू कधी विकू नका.

विचरचे स्वतःचे ताप सांगायलाच हवेत. पहिला म्हणजे स्केलिगे बेटांच्या समुद्रातली, नकाशावर दिसणारी प्रश्नचिन्हं. ती बहुतेक सगळी तस्करांची पिंपं आहेत. होडीनं जा, आकाशातून सायरन नावाच्या उडत्या राक्षसिणी तुटून पडतात, होडी फुटते, पाण्यात आडधनुष्यानं त्यांना पाडा, बुडी मारा, पिंपातलं सामान घ्या. आणि ते सामान इतकं जड की पिशवीचं वजन ओलांडून गेराल्ट चालायला लागतो. हे पूर्ण करणाऱ्याला गेमचा वीट आला नाही तरच नवल. तिकडे जाऊच नका. मॅपच्या पर्यायात न शोधलेली ठिकाणं लपवता येतात, स्केलिगेला पोचायच्या आधीच ते करून ठेवा.

दुसरा ताप लढाईचा. मधल्या कठीणपणावर क्वेन हे बचावाचं चिन्ह टाकायचं, हलके वार करायचे, बाजूला उडी घ्यायची, एवढ्यावर सगळा गेम निघतो आणि मग तेलं-काढे कशाला, असं वाटायला लागतं. कठीणपणा पहिल्यापासून तिसऱ्या पायरीवर ठेवा, म्हणजे तयारी करावी लागते. उलट बाजूची कामं हावऱ्यासारखी उरकू नका. काम तुमच्या लेव्हलपेक्षा सहा किंवा जास्त पायऱ्या खालचं असेल तर अनुभव जवळपास काहीच मिळत नाही आणि पुढची मुख्य कथा सोपी होऊन बसते. गेराल्टची चाल बोजड वाटली तर सेटिंगमधला हालचालीचा पर्यायी प्रतिसाद चालू करा. घोडा कुंपणाला अडतो त्याला मात्र इलाज नाही.

आता वीज आणि नेट. दोन्ही गेम लढाई चालू असताना सेव्ह होत नाहीत, म्हणून लाइट जायची वेळ ठाऊक असेल तर त्याच्या आधी लांबलचक लढाईत शिरू नका. एकाच जागेवर सेव्ह करत राहिलात आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते, दोन-तीन वेगवेगळ्या जागा ठेवा. विचरच्या सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमध्ये उघड्यावर असतात, पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवणं सोपं.

उतरवण्यात तर विचर सरळ पुढं आहे. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर घेतला तर त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तोही चार जीबीपर्यंतच्या तुकड्यांत. नागपूर-अमरावतीला कुणी शिकायला असेल तर त्याच्याकडून पेनड्राइव्हवर मागवता येतो, आणि एकदा बसवला की गेमला नेट लागत नाही. स्वतः मोबाइलच्या नेटवर उतरवायचा असेल तर ब्राउझरपेक्षा जीओजी गॅलेक्सी या त्यांच्या ॲपमधून उतरवा, नेट तुटलं तरी तिथूनच पुढं सुरू होतं. ओडिसीला पहिल्यांदा सुरू करताना नेट लागतंच, स्टीम या दुकानातून घेतला तरी युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीचं कनेक्ट हे ॲप वेगळं बसवावं लागतं.

मशीनच्या बाबतीत ओडिसी प्रोसेसर जास्त खातो, अथेन्ससारख्या शहरात चार कोर पूर्ण भरतात आणि चित्र अडखळतं. ढगांचं सेटिंग सगळ्यात आधी खाली आणा, त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा सावल्या कमी करून पडत नाही. विचरला २०२२च्या डिसेंबरमध्ये मोठा अपडेट आला, जुन्या कार्डवर तो जड जातो. सुरू करताना डायरेक्ट एक्स ११ निवडा, हेअरवर्क्स हा केसांचा इफेक्ट बंद ठेवा, झाडांचं अंतर मध्यमवर आणा. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या खोलीत खेळणार असाल तर दोन्हींत सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा लावा. बाहेर ४५ अंश असताना ६० चा हट्ट धरला तर पंखा ओरडतो आणि थोड्या वेळानं कार्ड स्वतःच वेग कमी करतं.

ओडिसी कुणी घ्यावा? ज्याला रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तासच मिळतो, कथेचे धागेदोरे लक्षात ठेवायचा कंटाळा आहे, आणि एक किल्ला घेऊन झोपायला जायचं आहे त्यानं. त्याला ओडिसीच बरा, कारण विचर महिनाभर सोडला तर कोण कुणाचा कोण तेच आठवत नाही. प्राचीन ग्रीसची ओढ असणाऱ्यालाही तोच द्यावा. त्यातला एक्सप्लोरेशन मोड निवडला तर ठिकाणं खाणाखुणांवरून शोधावी लागतात, आणि नकाशा नुसता टिकमार्कांचा राहत नाही.

बाकीच्यांसाठी माझा कल विचरकडे आहे. घेताना कम्प्लीट एडिशनच घ्या, दोन्ही मोठी विस्तारं त्यात येतात. त्यातलं टूसाँ या प्रदेशातलं मूळ गेमपेक्षाही कमी पुनरावृत्तीचं आहे, पण ३४-३५ लेव्हलच्या आधी तिकडे जाऊ नका.